साप चावल्याच्या पानावर जाहिरात नको

माझ्या धंद्याला धड मराठी नाव नाही. शेजारच्या काकू कुणाला सांगताना "मीना कॉम्प्युटरचं करते" म्हणतात, "पापडाचं करते" म्हणावं तसं. आमचे धाकटे दीर अजूनही समजतात की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि दर गणपतीत त्यांचा अडलेला प्रिंटर माझ्यापुढे आणून ठेवतात. खरं म्हणजे मी लोकांना ब्लॉग आणि वेबसाइट उभारून देते. पनवेलला एसटी स्टँडजवळ एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. आधी तिथेच मी लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायची. पत्रिका फोनवर जायला लागल्या तशी मीही त्यांच्या मागोमाग फोनमध्ये शिरले. आता केस पांढरे झालेत, बारीक अक्षराला डोळे दाद देत नाहीत, तरी जिना चढून वर गेलं की बरं वाटतं.

ब्लॉग म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागत नाही. थीम मात्र समजवावी लागते. थीम म्हणजे ब्लॉगचा तयार साचा. मजकूर तुमचा; पण तो कुठे बसणार, अक्षर केवढं दिसणार, जाहिरातींना जागा कुठे, पान किती पटकन उघडणार, हे सगळं थीम ठरवते. हजारो तयार मिळतात, काही फुकट, काही विकत. लोक साडीसारख्या रंग बघून निवडतात आणि तिथेच फसतात. कारण ब्लॉगवर माणसांच्या आधी सर्चचा रोबो येऊन जातो, आणि त्याला रंगाचं काही नसतं. तो मथळे वाचतो, पान उघडायला किती वेळ लागला ते बघतो, फोनवर नीट दिसतंय का ते तपासतो. मग कुणी काही शोधलं तर तुमचं पान वर दाखवायचं की तळाला टाकायचं, हे त्यावरून ठरतं. पान वर आलं की माणसं येतात, माणसं आली की जाहिराती दिसतात, जाहिराती दिसल्या की मालकाला चार पैसे मिळतात. वाचणाऱ्याला जाहिरात नको असते, मालकाला जास्तीत जास्त हवी असते, आणि रोबोला दोघांचंही सोयरसुतक नसतं. या तिघांचं एका घरात जमेल अशी थीम शोधणं म्हणजे माझं काम.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एका कवींनी मला पान हळू उघडणारी थीम मागितली, कारण कविता सावकाशच उलगडली पाहिजे. त्यांचा ब्लॉग इतका सावकाश उघडायचा की पुढे त्यांनाच तो उघडायचा कंटाळा आला. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना ब्लॉगवर जाहिराती हव्या होत्या, पण दुसऱ्या कार्यालयांच्या नकोत, केटररच्या नकोत, दागिन्यांच्याही नकोत, कारण सोनारांशी त्यांचं वाकडं होतं. माझ्या हातचे कितीतरी ब्लॉग आज उघडत नाहीत. मालक कंटाळले, वारले, किंवा ब्लॉगचं नाव पैसे भरून नव्याने नोंदवायचं विसरले. पत्रिका निदान कुणाच्या तरी ट्रंकेत सापडते. ब्लॉग गेला की मागे राहत नाही काही. याची हळहळ वाटते. पण एक ब्लॉग असा आहे, की त्याची आठवण आली तरी मला हसू फुटतं. त्याचीच गोष्ट सांगते.

दोन-तीन वर्षांपूर्वीची दुपार. माझ्यासमोर एक ज्योतिषी बसले होते. त्यांना ब्लॉगचा मेनू ईशान्येला हवा होता. स्क्रीनची ईशान्य कुठली, यावर आमचं एकमत होत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि खाकी शर्टातला एक रुंद, हसरा माणूस दारात उभा राहिला. हातात कापडी पिशवी, तिचं तोंड दोरीने घट्ट बांधलेलं.

"ताई, ब्लॉगचं काम तुमीच करता ना?"

"हो. या, बसा."

"बसतो. फक्त ह्या पिशवीला हात लावू नका. आत धामण हाय."

ज्योतिषांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"बिनविषारी हाय ओ काका," तो त्यांची समजूत घालत म्हणाला. "भुसाराच्या गोदामातनं धरली. सोडायलाच चाललोय. वाटेत ताईंचा बोर्ड दिसला, म्हटलं भेटून जावं."

"आधी तिला सोडून या," मी भिंतीला पाठ लावून म्हणाले, "मग आपण निवांत भेटू."

संध्याकाळी तो खरंच परत आला. पिशवी उलटी करून, झटकून, रिकामी असल्याचं त्याने मला दाखवलं, आणि मग बसला. ज्योतिषी पुन्हा आले नाहीत. मेनू कुठेही चालेल, असं त्यांनी फोनवर कळवलं.

हा प्रमोद. ओवे गावचा. शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी मुलांना सोडलं की दुपारी आणायला जाईपर्यंतचा वेळ सापांचा. त्या बाजूला इमारती जसजशा वाढत गेल्या तसतसे साप पार्किंगमध्ये, पाण्याच्या मीटरपाशी, एकदा तर सोसायटीच्या जिममध्ये सापडू लागले, आणि सगळे फोन प्रमोदला. तो जायचा, साप धरायचा, लांब जंगलात सोडून यायचा.

"लोक सेल्फी काढतात," तो म्हणाला, "चहा बी देतात. पन गाडीत तेल कोन टाकनार? डोंगराकडच्या वाड्यांवरनं फोन येतात ना ताई, ते हल्ली मी घेत नाय. परवडत नाय. खरी गरज तिकडंच हाय."

म्हणून त्याने ब्लॉग काढला होता. एक कोण मित्र त्याला म्हणाला होता की ब्लॉगवर जाहिराती लावल्या की घरबसल्या पैसे येतात. मी ब्लॉग उघडला. काळीकुट्ट पार्श्वभूमी, वरती कवटी, कवटीच्या डोळ्यांतून ज्वाळा, आणि खाली धावणारी लाल अक्षरं. कुठल्याशा एजन्सीच्या जाहिराती त्याने स्वतःच जमेल तशा चिकटवल्या होत्या. मी मनातून हा ब्लॉग मोडीत काढलाच होता, पण सवयीने मजकूर वाचला आणि खुर्ची पुढे ओढली. त्याने लिहिलं होतं: "घोणस कुकरच्या शिट्टीसारखी वाजते. कुकर गॅसवर नसताना शिट्टी ऐकू आली, तर आधी जागच्या जागी थांबा."

असं लिहिणारा माणूस वाया जाऊ देणं माझ्याच्याने झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. सुगंधा. ती तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. हातात डबा, त्यात माझ्यासाठी भाकऱ्या आणि सुकट, पण डबा देण्याआधी तिने सरळ विषयाला हात घातला.

"ताई, तुमी त्यांना नादाला नाय ना लावनार? आधीच सापांचा नाद, आता ब्लॉगचा. माझ्या भाकऱ्यांचा पैसा त्यांच्या गाडीत जातोय. साप धरायला माझी ना नाय. कुनाचा तरी जीव वाचतो. पन तेलाचा पैसा कुठनं तरी यायला पायजे. नाय आला, तर मी त्यांचा फोन तांदळाच्या डब्यात लपवनार."

"नादाला नाही लावत," मी म्हणाले. "पण वेळ लागेल."

"किती?"

"भात लावला म्हणजे लगेच कापता येतो का?"

तिला ते पटलं. डबा टेबलावर आला.

मग आम्ही तिघं थीम निवडायला बसलो. प्रमोदला एक बातम्यांच्या साइटसारखी थीम फारच आवडली. वर जाहिरात, बाजूला जाहिरात, प्रत्येक परिच्छेदानंतर जाहिरात, आणि मधूनच उडी मारून येणारी एक चौकट.

"ताई, हिच्यात जागाच जागा हाय! जिकडं बघावं तिकडं जायरात."

"आणि साप कुठाय?" मी विचारलं.

"खाली असंल की."

मी वाद घातला नाही. त्या थीमवर त्याचाच मजकूर आणि त्याच्याच जाहिराती चढवल्या आणि सुगंधाला म्हटलं, तुमच्या फोनवर उघडा, जिन्याखाली जाऊन, जिथे रेंज कमी येते. आम्ही तिघं जिन्याखाली उभे. फोनवर चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. औषधवाल्यांनी दुकानातून मान बाहेर काढून विचारलं, काही हवंय का. शेवटी पान आलं. आधी गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात. मग वधू-वर सूचक मंडळ.

"माझं लग्न झालंय," सुगंधा फोनला म्हणाली.

तिने साप चावल्यावर काय करावं ते पान उघडलं. त्या पानाला प्रमोदने मोठ्या हौसेने मथळा दिला होता, "विषाची परीक्षा". रोबोने त्यातली परीक्षा तेवढी उचलली होती. पानावर स्पर्धा परीक्षांच्या क्लासची जाहिरात झळकत होती: अभ्यासाला लागा, यश तुमचंच. मी इतकी हसले की जिन्याच्या पायरीवर बसले. प्रमोदही हसत होता. सुगंधा मात्र बोटाने पान सरकवत होती, आणि एकदम थांबली.

"ह्ये काय?"

मजकूर सांगत होता, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. आणि त्याच्या बरोब्बर खाली एका बाबाचा फोटो: सापाचं विष मंत्राने उतरवून मिळेल, फोनवरसुद्धा.

प्रमोदचं हसू मावळलं. जिना चढून वर आला आणि म्हणाला, "ताई, ह्ये काढा. आत्ता. समद्या जायराती काढा."

काढल्या. मग त्याला नीट समजावलं. चांगल्या जाहिरात कंपन्यांकडे अमुक प्रकारच्या जाहिराती नकोत असं सांगता येतं. बाबा-बुवा बंद करता येतात. आपण तशा कंपनीकडे अर्ज करू. तरी एखादा नव्या नावाने घुसतोच. आणि धंद्याची म्हणून जी गोष्ट सांगायला हवी तीही मी सांगितली: "साप चावला तर काय करायचं, हेच लोक सगळ्यात जास्त शोधतात. जाहिरातींचं खरं उत्पन्न याच पानावर येईल. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते दाबतो. म्हणून अशा पानांवर जाहिराती खूप चालतात. आता तुम्ही ठरवा."

प्रमोद खिडकीतून खाली रिक्षांच्या रांगेकडे बघत राहिला. पैसा तर त्याच पानावर होता. बोलली ती सुगंधा.

"चावल्याच्या पानावर जायरात नको. दुकानं देवळाच्या बाहेर असतात, ताई. गाभाऱ्यात नसतात."

"मंग तेल?" प्रमोदने विचारलं.

"तेलाचं बघू. बाकीची पानं हायत ना."

ठरलं. आम्ही अगदी साधी, हलकी थीम घेतली. पांढरं पान, मोठी काळी अक्षरं. जाहिरातींना नेमक्या जागा, मजकुराच्या आड न येणाऱ्या. चावल्याचं पान वेगळ्याच बांधणीचं केलं: जाहिरात नाही, फोटो नाही, हलणारं काही नाही. रेंजचा एक दांडा असला तरी उघडलं पाहिजे. मजकूर सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांकडून तपासून घेतला. पहिल्या तीन ओळी प्रमोदच्याच: "घाबरू नका. पाय हलवू नका. दवाखान्यात चला." खाली, काय करायचं नाही ते. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. जोडवी, अंगठ्या, बांगड्या काढा, कारण सूज येते. आणि दाबला की लागेल असा प्रमोदचा फोन नंबर.

मथळ्यावरून मात्र आमचं वाजलं. "विषाची परीक्षा" सोडायला तो तयार होईना.

"किती झ्याक नाव हाय ताई!"

"झ्याक आहे. पण साप चावलेला माणूस फोनवर 'विषाची परीक्षा' लिहील का?"

"काय लिहील मंग?"

"तूच सांग. तुला फोन करतात तेव्हा काय म्हणतात?"

तो म्हणाला, "साप चावला, काय करू?"

तोच मथळा झाला. माणूस घाबरला की शुद्धलेखन बघत नाही, म्हणून लोक इंग्रजी अक्षरांत जसं वेडंवाकडं लिहितात तसंही पानात घातलं. माझ्या धंद्यातलं सगळं शहाणपण म्हटलं तर एवढंच. लोक ज्या शब्दांत विचारतात, त्या शब्दांत दार उघडं ठेवायचं.

नंतर मात्र वाट बघणं आलं. जाहिरात कंपनीने आमचा अर्ज परत पाठवला: मजकूर पुरेसा नाही. प्रमोद शाळेबाहेर व्हॅनमध्ये बसून फोनमध्ये बोलायचा, मी ते उतरवून घ्यायची. तरी कमीच पडत होतं. एकदा सुगंधा भाकऱ्या द्यायला आली आणि तिने गंमत सांगितली, की यांनी कवड्या साप पिशवीत बांधून रात्रीपुरता माझ्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवला, आणि मला सापाची नाय ताई, पालीची भीती वाटते, ती त्याच डब्यामागून निघाली, मी किंचाळले, हे धावत आले ते पिशवीच बघायला, बायको गेली उडत. सांगता सांगता तिने पालीची, प्रमोदची आणि स्वतःची अशी काही नक्कल केली की माझ्या हातातला चहा सांडला.

"हे लिहा," मी म्हटलं.

"मी? सातवी शिकलेय मी."

"बोला. मी लिहिते."

अशी "साप धरणाऱ्याची बायको" सुरू झाली. तिच्या पानावर साप थोडे आणि नवरा जास्त. त्यात सुकटीची चटणी येई, सासूबाईंचं म्हणणं येई, सोसायटीतली बाई धामणीला बघून फ्रिजवर चढून बसल्याची हकीगत येई. बायका ते पान एकमेकींना पाठवायला लागल्या. तिथे आम्ही जाहिराती मोकळ्या हाताने बसवल्या, कुकर, मसाले, साड्या, आणि तिच्या वाचणाऱ्यांना त्यांचं काही वाटलं नाही. जाहिरात कंपनीनेही या वेळी अर्ज मान्य केला. तेलाचा खर्च सापांनी काढला नाही. सापांबद्दलच्या बायकोच्या तक्रारींनी काढला. पहिले पैसे बँकेत आल्याचा मेसेज सुगंधाने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आता वाड्यांवरचे फोन घ्या. माझ्या पैशानं."

त्याच वर्षीच्या थंडीत ते घडलं.

डोंगराच्या पायथ्याच्या एका वीटभट्टीवर कातकरी कुटुंबं कामाला आली होती. त्यातली बारकी नावाची बाई विटांच्या थप्पीतून विटा काढत असताना तिच्या पायाला फुरसं चावलं. छोटासा साप, पण विषारी. लोकांनी तिला तिथेच बसवलं आणि चांगोबाबांना हाक मारली. चांगोबाबा त्यांच्या वाडीचे म्हातारे भगत, मंत्राने विष उतरवणारे. नातवंडांसोबत तेही भट्टीवरच होते. त्यांनी निखारे मागवले, पाय बांधायला दोरी मागवली आणि पातं मागवलं.

बारकीची नणंद सविता, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, नुकतंच लग्न ठरलेली. तिने फोन काढून लिहिलं, "sap chavla kay karu". पुढचं मला तिनेच सांगितलं. तिने पान उघडलं आणि सगळ्यांच्या मधे उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. कापायचं नाही. बांधायचं नाही. भाऊ गोंधळून तिच्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघत होता. कुणीतरी ओरडलं, पोरी, गप बस. तिने नंबर दाबला.

प्रमोद व्हॅन शाळेकडे घेऊन निघाला होता. त्याने गाडी बाजूला घेतली आणि भट्टीचा टेम्पो ताबडतोब काढायला सांगितलं. सविता म्हणाली, "ते ऐकत नाय दादा. बाबांकडनं उतरवायचं म्हनतात."

"बाबांना दे फोन."

मी प्रमोदला नंतर विचारलं, तू त्यांना काय म्हणालास? मला वाटलं होतं, चिडला असेल, दरडावलं असेल. तो म्हणाला, "मी बोललो, बाबा, मंत्र तुमी म्हना. पन टेम्पोत बसून म्हना. तिचा पाय तुमच्या मांडीवर घ्या, हलू देऊ नका. तुमच्याशिवाय तिचं कोन ऐकनार? दवाखान्यापर्यंत सोडू नका तिला."

बाबांनी फोन सविताच्या हातात परत दिला. मग म्हातारा म्हणाला, "चला." आणि दोरी-पातं तिथेच टाकून टेम्पोत चढला.

शाळेची मुलं घरी पोचवून प्रमोद दवाखान्यात गेला आणि तिथून त्याने मला फोन केला, "ताई, या." का ते सांगितलं नाही. मी खाली उतरून रिक्षात बसले. दवाखान्याच्या व्हरांड्यात भट्टीवरची माणसं भिंतीला टेकून बसली होती, अंगावर विटांची लाल धूळ. आत बारकीला औषधाची सलाइन चालू होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, ते थांबलंय, वेळेत आणलीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची जोडवी सविताच्या ओढणीच्या गाठीत होती. चांगोबाबा दाराशी उकिडवे बसले होते, डोळे आत लावून.

"ह्या ताई," प्रमोद सविताला म्हणाला. "पान ह्यांनी बनवलं."

सविताने फोन पुढे केला. काच तडकलेली. पान अजून उघडंच होतं, आमचं पांढरं पान, मोठी काळी अक्षरं.

"पयल्यांदा दुसरी दोन उघडली," ती म्हणाली. "ती फिरतच राह्यली. एकावर कसलीतरी जायरात आली, ती जाईच ना. ह्ये लगेच आलं."

आयुष्यभर मी पानं केली. कोण वाचतं ते आकड्यांत दिसतं, आलेख वर जातो, खाली येतो. पण माझं पान हातात धरलेला माणूस मी तोवर कधी पाहिला नव्हता. मी तिला विचारलं, "अक्षर बरोबर दिसलं ना?" ती म्हणाली, "व्हय. लय मोठं हाय." आणि मी वेड्यासारखी मान हलवत राहिले.

बारकी बरी होऊन भट्टीवर परतली तेव्हा त्यांनी आम्हाला पोपटीला बोलावलं. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, आणि वरखाली भांबुर्डीचा पाला भरलेलं मडकं उलटं ठेवून त्याच्याभोवती पेंढा पेटवला होता. सुगंधाने भाकऱ्या आणल्या होत्या. बारकी पाय लांब करून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला चावलेली जागा दाखवत होती. लहान पोरं प्रमोदला विचारत होती, साप आणलाय का? नाही म्हटल्यावर त्यांचा त्याच्यातला रस संपला.

दिवस कलत आला होता. चांगोबाबा माझ्याशेजारी येऊन बसले. शेंगा सोलून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "बाय, त्या फोनात समद्यांचं बोलनं ठेवता येतं?"

"येतं की."

"मंग माझं बी ठेव."

"काय ठेवायचं, बाबा?"

"लोक मला हुडकत येनार. साप चावला की भगतालाच हुडकतात. मी म्हातारा, आज हाय, उद्या नाय. त्यांना सांगायचं, आधी दवाखाना. चांगो भगतानं सांगितलंय म्हनायचं."

मी प्रमोदकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. आमच्या ब्लॉगवर लोक कोणते शब्द शोधून येतात हे मला रोज दिसायचं, आणि त्यात एक ओळ पुन्हा पुन्हा यायची: साप उतरवणारा भगत. त्या लोकांना द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. ते यायचे आणि मागे फिरायचे, कुठे जायचे ते मला माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात चांगोबाबा नातवाचा पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून माझ्या माडीवर आले. जिना चढताना औषधवाल्यांनी त्यांना हात दिला. फोटोत काठी आली पाहिजे, अशी त्यांची एकच अट. आम्ही नवं पान केलं. मथळा लोकांच्याच शब्दांत ठेवला: "साप उतरवणारा भगत, रायगड". कुणी ते शोधत आला की त्याच्यासमोर थेट चांगोबाबा उभे राहतात, टोपी, काठी आणि कपाळाला आठ्या. खाली त्यांचं बोलणं, एका अक्षराची दुरुस्ती न करता: "मी चांगो भगत. मंत्र मी म्हनतो, पन गाडीत बसून. आधी गाडी काढा. पाय हलवू नका. दवाखान्यात चला." आणि खाली नंबर. जाहिरात नाही, तिथे नकोच, हे या वेळी कुणाला बोलावंही लागलं नाही.

रोबोला भगत आवडला. थोड्याच काळात ते पान वर येऊन बसलं, अगदी त्या फोनवरून विष उतरवणाऱ्या बाबाच्या डोक्यावर. मी आयुष्यात ज्या काही थीम निवडल्या, जे मथळे बांधले, त्यात याच्याइतकं नेमकं माझ्या हातून दुसरं काही झालेलं नाही.

अधूनमधून सविताच्या फोनवरून चांगोबाबा मला फोन करतात. रामराम नाही, कशी आहेस नाही.

"बाय, ह्या येळी किती मानसं आली माझ्याकडं?"

मी स्क्रीनवर बघून सांगते.

"समद्यांना दवाखान्यात धाडलं?"

"धाडलं, बाबा."

"मंग बरं," म्हणतात, आणि फोन ठेवतात.